काकींची ज्वारी

सोमवार, ६ ऑक्टोबर
हातून फार वाईट झालं. सकाळी पेट्रोल भरायला स्कूटरचं सीट उचललं, तर डिकीत लोणीच्या अनसूयाकाकींची बियाण्याची पिशवी. शनिवारपासून!
लोणी काळभोरहून थेट आमच्या बीजपरीक्षण प्रयोगशाळेत जायचं होतं. वाटेत शेजारणीचा फोन, आईला चक्कर आलीय. मग घर, दवाखाना. रविवारही त्यातच गेला. गाडी दोन दिवस उघड्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. प्लास्टिकला आतून घाम आलेला.
अडीच किलो गावरान ज्वारी. काकींच्या सासूपासून चालत आलेली. दुसऱ्या कुणाकडे नाही, मीच आसपास विचारून पाहिलं होतं. "उगवतीय का तपास, मग पेरते," म्हणून विश्वासाने दिली. आणि मी वीस वर्षं लोकांना सांगते, बी थंड, कोरड्या जागी ठेवा.
शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवले. चार दिवसांनी कळेल. कुणाला बोलले नाही.

मंगळवार, ७
आमच्या साहेबांना, साने सरांना, कृषी खात्याच्या प्रदर्शनाचा मजकूर आजच हवा. 'शेती : जिल्ह्याचा कणा'. लिहायला बसले. पुण्याच्या चहातलं दूध, मंडईतली मेथी, दारावरचं झेंडूचं तोरण, सगळं आसपासच्या गावांतून येतं. टेम्पोवाला, हमाल, अडत्या, भाजीवाली, गिरणीवाला, एका पिकावर इतक्यांची चूल. सरांनी 'चूल' खोडून 'अर्थव्यवस्था' केलं. असो.
"ज्वारीच्या वाणाचं नाव?"
मी म्हणाले, काकी नुसतं 'आमची' म्हणतात.
"वा. तेच लिहा. लोकांना वाटेल आपल्या खात्याची आहे."
उद्घाटन पंधराला. कुंड्यांत याच ज्वारीचे हिरवे कोंब दिसले पाहिजेत. मान डोलावली.

बुधवार, ८
कागद उघडायचा नव्हता. उघडला. काही नाही. अजून लवकर आहे, असं स्वतःला दहादा सांगितलं.
दुपारी काकींचा फोन. "वाफसा आलाय गं. शनिवारी पेरायचंच, न्हाईतर ओल जाईल. कधी आणतीस?"
आणते म्हणाले. वर त्या म्हणाल्या, पुतण्या मागे लागलाय, यंदा ज्वारी साधली नाही तर तिचे वीस गुंठेही उसाला. म्हणजे झालंच.

गुरुवार, ९
आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात ज्वारी काढली. आपलं म्हणून ज्वारीचं एक ताटही नव्हतं. पण पेंढी कधी मातीत पडू द्यायची नाही." थोड्या वेळाने, "माझ्या चकरेपायी झालं का हे?"
नाही म्हणाले. तिला पटलं नाही.

शुक्रवार, १०
शंभरात एकोणीस उगवले. बाकीचे फुगून चिकट झालेले. दुसऱ्यांदा मोजले, एकोणीसच.
सरांना खरं सांगितलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "कुंडीत दुसरी ज्वारी लावा. पाहुणे कोंब ओळखायला येत नाहीत, फोटो काढायला येतात." वर, "बाईंनाही तीच द्या. त्यांना काय कळणार?"
त्यांना कळेल. नाही कळलं तरी मला…

शनिवार, ११
लोणीला गेले. काकी ओट्यावर वाट बघत होत्या. चहा घेण्याआधीच सगळं सांगून टाकलं. डिकी, ऊन, एकोणीस.
काकींनी पिशवी जवळ ओढली. पिशवीत हात घालून दाणे वरखाली करत राहिल्या. मग विचारलं, "आईचं बरं हाय का आता?"
तिथे मला रडू आलं.
"गेल्या साली कणसं दोनदा भिजली हुती," त्या म्हणाल्या. "मलाबी भ्या वाटतच हुतं. तुझ्यानं मेलं का आधीच मेलेलं, कोण सांगणार?"
म्हणाले, मला सांगता यायला हवं होतं, काकी. घेतलं त्याच दिवशी थोडे दाणे तपासायला लावले असते तर. ते माझं कामच होतं.
"मग आता हे काम कर," म्हणून खुरपं हातात दिलं.
पाचातला एकच उगवणार, म्हणून वीस गुंठ्यांचं बी चार गुंठ्यांत. एकेका खड्ड्यात सात-आठ दाणे, हाताने. पुतण्या बांधावरून म्हणाला, "मॅडम, ट्रॅक्टरनं धा मिनिटांचं काम हाय." काकींनी वर पाहिलंसुद्धा नाही. मूठभर बी मात्र मागे ठेवलं, मडक्यात, राख घालून.
चार तास. आयुष्यात पहिल्यांदा पेरलं. इतकी वर्षं बी पाहिलं ते काचेखाली.

मंगळवार, १४
आभाळ येतंय. जोराचा पाऊस झाला तर माती थापली जाईल, कोवळा कोंब वर कसा येणार? दिवसभर खिडकीशी. सर म्हणाले, "आपली बदली हवामान खात्यात झाली का?"

बुधवार, १५
उद्घाटन झालं. कुंडीत कागदातले ते एकोणीस कोंब, त्यातले सहा माना टाकलेले. पाटीवर लिहिलं : 'आमची. अनसूयाकाकी, लोणी काळभोर. बियाणं धोक्यात आहे.' सरांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पाटी तशीच राहू दिली.
एक आजोबा बराच वेळ उभे. "आमच्या घरी ही होती. भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ." कुठं गेली विचारलं, तर म्हणाले, आम्हीच सोडली.

शुक्रवार, १७
सहा दिवस झाले. आज दिसायलाच हवं. सकाळी फोन केला.
"काकी, उगवली का?"
"ये की बघायला."
"थोडी तरी?"
"मोजायचं काम तुझं. मी कशाला मोजू?" मागे पुतण्याचा आवाज, काय म्हणाला कळलं नाही, आणि फोन बंद.
हसत होत्या की काय, नक्की सांगता येत नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्कूटर नको वाटली, स्वारगेटला बसमध्ये बसून लिहितेय. ड्रायव्हर अजून चहा पितोय. आत्ता चढला. निघालो