लिंडाच्या जागी नंदा

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
१४ मे २०२५

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, तेव्हा पोस्टमनला तरी दार उघडाल अशा हिशेबानं लिहितेय. आई बरी आहे. इथल्या मेट्रोत, एमआरटीत, खायला बंदी असूनही शेजारच्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटते.

त्या दिवशी डॉक्टरांनी व्हिडिओवर तुमच्यादेखत विचारलं, "आंटी, युअर हजबंड्स नेम?" आई गप्प. डॉक्टरांनी फुली मारली आणि तुम्ही तिकीट रद्द केलंत. "ओळखणारच नसेल तर येऊन काय करू?" हे तुमचं वाक्य मी तिला सांगितलेलं नाही.

आता रविवारचं ऐका. आमच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांपाशी, काही म्हातारे अंकल गिटार घेऊन जमतात. एकानं तुमचं आंघोळीचं गाणं सुरू केलं. तेच, साठच्या सुमाराचं, त्या कोवळ्या अमेरिकन पोराचं, ज्याच्यावर तुमचं अख्खं कॉलेज फिदा होतं. 'ओ लिंडा' ऐकल्याबरोबर आई चहा ठेवून ताडकन उठली.

"चूक! नंदा आहे ते. नंदा!"

"नो लाह, आंटी, लिंडा. हू टोल्ड यू नंदा?"

मलाही तेव्हाच कळलं की मूळ गाण्यात आई नाहीच. गॅदरिंगमध्ये तुम्हीच घुसडलंत ना तिला?

आईनं पदर सारखा केला आणि चारचौघांत म्हणाली:

"गिटार नव्हती हाती, सूरही होता कच्चा,
पद्माकररावांचा भाव तेवढा सच्चा."

अंकलना ओ की ठो कळलं नाही, टाळ्या मात्र वाजवल्या.

बाबा, ती तुमचं नाव विसरलेली नाही. ती ते घेत नाही, एवढंच. जन्मभर घरात 'अहो' ऐकूनही डॉक्टरांसमोर माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांना कळवलंय. बाकीचं विसरणं आहेच, आणि ते वाढतंय. म्हणून लवकर या. दारात ओळख सांगत बसू नका, आधी गाणं म्हणा. आणि लिंडा म्हणाल तर खबरदार.

घरी येताना मी म्हटलं, "आई, झकास घेतलंस हं नाव." तर हळूच म्हणाली, "हिरे, अण्णांना सांगू नकोस हं."

हिरामावशीला जाऊन किती वर्षं झाली, अण्णाआजोबांना तर त्याहून जास्त. गेला महिनाभर मी तीच आहे. चालतं मला. खरं तर नाही चालत.

तुमचं गाणं झालं की मला नावानं हाक मारा. तिच्यासमोर, मोठ्यानं.

तुमची,
विनीता