चकती टेकवली की

घोटावडे, ९ ऑगस्ट २००६

लग्नाच्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी ह्यांनी माझ्या कॉन्व्हेंटमधल्या प्रार्थनेच्या पुस्तकावर एक पांढरट चकती ठेवली. "वाच, कुमे." स्वच्छ वाचता आलं. मग त्यांनी ती बोटभर उचलली, तर अक्षरं गेली, खाली नुसतं दुधासारखं पांढरं. अॅल्युमिना नावाची पांढरी पूड भट्टीत भाजून केलेली चकती. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांतल्या नळ्या अशाच पुडीच्या करतात. "उचलल्यावरही वाचता आलं पाहिजे," म्हणायचे. सारी नोकरी भट्टीपाशी गेली, तशी चकती काही निघाली नाही.

हल्ली ह्यांना माणसं आठवत नाहीत. आज दारातून हाक मारली तर म्हणाले, "बाई, कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी जवळ बसले, गालाला गाल लावला, तेव्हा कुठे, "कुमे, चहा टाकलास?" अगदी त्या चकतीसारखं. टेकलं तरच दिसतं.

परवा माझं ऑपरेशन. डॉक्टर खात्री देत नाहीत. घरकामाची शेवंताबाई म्हणते, "ताई, मी हाय न्हवं! सायबांना उपाशी ठेवीन व्हय?" उपाशी नाही गं ठेवणार. पण ओळखीचं कोण असेल त्यांना?

मी परत आले नाही तर प्रार्थनेचं पुस्तक लेकीला, मीनलला. हिरवी शाल शेवंताबाईला, तिला थंडी सोसत नाही. चकती कुणालाच नको, ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहू दे. आणि मीनल, बाबा आता तुझ्याकडे. त्यांना दारातून हाक मारू नकोस. आधी गाल टेकव.