आईचं पहिलं नाव

लोगन, युटा
४ मार्च १९८४

ती. अण्णांस,
सुनेत्राचा शि. सा. न. वि. वि.

आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं? परवा एडना आजींनी मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही. माहेरचं आडनाव मी सांगितलं. पण आपल्याकडे लग्नात मुलीचं नावही बदलतात आणि ‘सुमित्रा’ हे आईला आपल्या घरात मिळालेलं नाव, हे ऐकून त्या उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघतच राहिल्या. आजोळी आईला सगळे ‘अक्का’ म्हणायचे. आई तर नाहीच, आणि मामा गेल्यापासून तिकडे विचारायलाही कुणी नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही पेढे वाटलेत, आणि मला माझ्या आईचं नाव माहीत नाही. मला फार लाज वाटली.

एडना आजी म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. त्यांच्या तळघरातल्या खोलीत मी राहते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या आजारी आहेत हे मात्र मी कळवलं नव्हतं. पोटाचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. त्यांची मोठी मुलगी कॅरल येऊन राहिली आहे.

त्या मॉर्मन पंथाच्या आहेत, इथलं बहुतेक गाव आहे तसंच. चहा-कॉफीला हे लोक शिवत नाहीत. पण चहाशिवाय माझं डोकं दुखतं हे कळल्यावर आजी स्वतः दुकानात गेल्या. तिथल्या ओळखीच्या बाईने भुवया उंचावल्या, तेव्हा यांनी तिला सांगितलं की हे माझ्या इंडियन मुलीसाठी आहे, हवं तर बिशपना कळव. जन्मात चहा चाखलेला नाही, पण नुसता रंग बघून असा करायच्या की मालूआत्यालाही नावं ठेवता आली नसती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, पाण्याचा घोटही नाही. आपल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि दाण्याचे लाडू चालतात हे ऐकून त्या हसून हसून बेजार झाल्या. म्हणाल्या, असला उपास आम्हाला असता तर सगळं युटा केव्हाच स्वर्गात पोचलं असतं.

त्यांचे यजमान ट्रॅक्टरखाली सापडून गेले तेव्हा धाकटी मुलगी शाळेतही जात नव्हती. गाई विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं. यांनी पहाटे धारा काढल्या, दिवसा ब्रेड भाजले आणि सगळ्यांना शिकवलं. मुलं किती, असं विचारलं तर आठ सांगतात. सात मोठी झाली. विल्यम आठवड्याचा असतानाच गेला, पण त्याच्याबद्दल बोलताना त्या ‘होता’ म्हणत नाहीत. मेल्यावर सगळं कुटुंब पुन्हा एकत्र येतं यावर त्यांचा पक्का विश्वास आहे. बैठकीच्या भिंतीवर त्यांची वंशावळ टांगली आहे. तिच्यात प्रत्येक बाई जन्मल्या नावाने लिहिलेली आहे, सासरच्या नाही. म्हणून त्यांनी आईचं विचारलं.

यांच्या मंदिरात मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. तो मानायचा की नाकारायचा, हे मेलेल्याने ठरवायचं. आईसाठीही तसं करावं असं त्यांच्या मनात आहे, पण तुमच्या परवानगीशिवाय नाही. तुम्हाला काय वाटतं? निदान नाव तरी कळवा.

मालूआत्याला नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

आपली
सुनेत्रा


मिरज
२१ मार्च १९८४

चि. सुनेत्रा हिस,
अण्णांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. वाचून दोन दिवस उत्तर लिहिले नाही. रागाने काही लिहिले जाऊ नये म्हणून थांबलो.

बाई थोर आहेत यात शंका नाही. परक्या मुलीला त्यांनी पोटच्या पोरीसारखे जपले, हे उपकार मी विसरणार नाही. पण तुझ्या आईचे श्राद्ध मी दर वर्षी करतो. ती कुठे हरवलेली नाही. तिला शोधायला कुणाच्या मंदिराची गरज नाही. तेव्हा परवानगी नाही आणि नावही नाही. आज आईचे मागितले, उद्या तुझे मागतील.

मालू माझ्या खांद्यावरून पत्र वाचते आहे. ते लोक चार-चार बायका करतात ना, असे विचारते. शिवाय तुला तिथे खायला काय घालतात तेही कळव म्हणते. तिने मेतकूट दळून ठेवले आहे, कुणी येणारे भेटले की पाठवू. पार्सल ऑफिसात जन्म गेला, पण अमेरिकेला मेतकूट पाठवायचे म्हटले की मलाही भाडे परवडत नाही.

अभ्यासाकडे लक्ष दे. थंडीत डोके झाकून हिंडावे. म्हाताऱ्या बापाच्या शब्दाचा राग मानू नकोस.

तुझा
अण्णा


लोगन
३ एप्रिल १९८४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. आणखी न थांबता लिहिते आहे, कारण दिवस फार उरलेले दिसत नाहीत.

तुमचं म्हणणं मी आजींना सांगितलं, काही झाकलं नाही. मला वाटलं त्या दुखावतील. पण त्या म्हणाल्या, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. मुलीला सात समुद्रांपलीकडे पाठवणारा बाप सावध नसेल तर तो बाप कसला. बाप्तिस्म्याचं त्यांनी सोडून दिलं, आणि कॅरलच्या देखत सोडून दिलं. त्यांना एवढंच हवं आहे की, आता जिथे जायचं आहे तिथे आईला शोधून काढून तिच्याशी माझ्याबद्दल बोलता यावं. मी बर्फात किती वेळा पडले, डेअरीच्या प्रयोगशाळेत पहिलं चीज कसं बिघडवलं, आणि ताप आला तेव्हा आईलाच कशी हाका मारत होते, हे सगळं त्यांनी सांगण्यासाठी लक्षात ठेवलं आहे. फक्त तिला हाक कोणत्या नावाने मारू, असं त्या विचारतात. सुमित्रा म्हटलं तर ती वळेलच, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटत नाही. म्हणतात, तिथे प्रत्येक जण आपल्या आईने मारलेल्या हाकेलाच आधी ओ देत असणार.

अण्णा, तिकडे असं काही आहे की नाही हे मला माहीत नाही. मी विज्ञान शिकलेली मुलगी आहे. पण आईचं नाव मलाही हवं आहे. ते माझ्यापाशी नाही, हे कळल्यापासून चैन पडत नाही. आई गेली तेव्हासुद्धा ती मला इतकी लांब वाटली नव्हती.

मालूआत्याला सांगा, चार बायकांची चाल जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच बंद झाली. आजी म्हणाल्या, एका नवऱ्याचे कपडे धुवायला चार बायका असत्या तर त्यांची काही तक्रार नसती. जेवणाचंही सांगते, पण आत्याला वाचून दाखवू नका. इथे प्रत्येक समारंभात हिरवी जेली असते. मी ती तीन महिने आवडीने खाल्ली आणि मग वर्गात कळलं की ती जनावराच्या हाडांपासून करतात. मी रडले, मला बघून आजी रडल्या, आणि तेव्हापासून माझ्यासाठी वेगळ्या वाटीत पीच ठेवायला लागल्या.

आता त्या स्वतः काही खात नाहीत. दुपारी पोस्टमनची गाडी वाजली की डोळे उघडतात आणि माझ्याकडे बघतात. मी नाही म्हणून मान हलवते. मग पुन्हा मिटतात.

लवकर लिहा. आशीर्वादाचा हात असाच राहू द्या.

आपली
सुनेत्रा


मिरज
१७ एप्रिल १९८४

चि. सुनेत्रा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईचे नाव वेणू.

आमच्या घरात आधीच एक वेणू होती, माझी थोरली वहिनी. एका घरात दोन वेणू नकोत, म्हणून माझ्या आईने सुमित्रा ठरवले. मी ताटातल्या तांदळावर अंगठीने तेच लिहिले. तुझ्या आईला कुणी विचारले नाही. तशी पद्धतच नव्हती. सासरी आल्यावर सुरुवातीला सुमित्रा म्हणून हाक मारली की ती दुसऱ्या कुणाला बोलावले असेल असे समजून काम करीत राही. सगळे हसत. पुढे ओ देऊ लागली.

तिचे वडील मात्र तिला भेटायला आले की अंगणातूनच वेणू म्हणून हाक मारीत. तेव्हा हातातले टाकून ती धावत जाई. माझ्या हाकेला ती तशी कधी आली नाही. तुझे पत्र वाचेपर्यंत हे मी कुणापाशी बोललो नव्हतो.

त्यांच्या कागदावर नाव जाऊ नये, एवढे माझे म्हणणे अजून आहे. पुढचे तू ठरव. तू शहाणी आहेस.

मालू डोळे पुसते आहे आणि म्हणते, त्या बाईंना आमचा नमस्कार सांग.

तुझा
अण्णा


लोगन
२ मे १९८४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

एडना आजी गेल्या. गुरुवारी पहाटे, झोपेतच. तुमचं पत्र शनिवारी आलं.

ते हातात घेऊन मी वरच्या पायरीवर बसून राहिले. कॅरल बाहेर आली, माझ्याकडे बघून समजली आणि शेजारी बसली.

सोमवारी अंत्यविधी झाला. सातही मुलं आली होती. नातवंडं इतकी की पुढच्या रांगा पुरेनात. इथे घरच्यांपैकी कुणीतरी उभं राहून गेलेल्या माणसाची जीवनकहाणी सांगतं. कॅरलने सांगितली. गाई, ब्रेड, यजमान गेल्यावरची वर्षं, सगळं आलं. बर्फ पडला की आजारी शेजाऱ्यांच्या पायऱ्या त्या कुणी उठायच्या आत साफ करून यायच्या आणि विचारलं तर कानावर हात ठेवायच्या, हे मला तिथेच कळलं. चहाची गोष्टही तिने सांगितली. बिशप सर्वांत मोठ्याने हसले, आणि मग त्यांनाच रुमाल काढावा लागला. मला आधी वाटलं होतं तितकी मी धीराची नाही, अण्णा. मला तिथे बसवेना.

त्याआधीची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. विधीच्या आदल्या दिवशी कॅरलने मला विचारलं होतं की आता नाव आलंच आहे, तर आजींनी सोडून दिलेलं ते बाप्तिस्म्याचं काम आपण करायचं का. तिने प्रेमाने विचारलं. तिच्या लेखी याहून मोठी भेट नाही. मी नको म्हटलं. अण्णा, तुम्ही नको म्हणालात हे एक कारण. दुसरं माझं आहे. माझ्या आईला एकदा न विचारता दुसरं नाव दिलं. आता ती बोलू शकत नसताना, कितीही चांगल्या मनाने असो, तिच्यासाठी आणखी काही ठरवायचं मला पटलं नाही. कॅरलला वाईट वाटलं. ते तिने लपवलं नाही, पण मला जवळ घेतलं.

विधीपूर्वी घरची माणसं शवपेटीभोवती शेवटची प्रार्थना करतात. आजींना त्यांच्या मंदिरातले पांढरे कपडे घातले होते. लेकी आणि शेजारच्या बायकांनी मिळून ते चढवले. मला त्यात हात लावता आला नव्हता, कारण मी त्यांच्या पंथाची नाही. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. पेटी मिटायची वेळ झाली तेव्हा कॅरलने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि मला पुढे बोलावलं.

मी वाकले. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात सांगतात तसं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि एकदाच, दुसऱ्या कुणालाही ऐकू जाणार नाही असं म्हटलं, वेणू.

मग त्यांनी पेटी मिटली.

तुम्हाला न विचारता केलं. कागदावर ते कुठेही लिहिलेलं नाही. रागावला असाल तर तसं कळवा, पण पत्र धाडत राहा.

आपली
सुनेत्रा