पांढरी झालेली वाळू

प्रिय धाकट्या,

दवाखान्यातल्या समुद्री माशांच्या टाकीतली वाळू आता पांढरीशुभ्र आहे. तू आठवड्यातून दोनदा नळीने ओढून काढायचास तो तांबडा, बुळबुळीत शेवाळाचा थर पुन्हा आलेला नाही. दाढ धरून बसलेली माणसंसुद्धा घटकाभर दुखणं विसरून तिथे उभी राहतात. बातमी चांगली आहे, पण लिहिताना हात जड झालाय, कारण तुझं इथलं काम सुटून आज तीन महिने झाले.

तू काय करायचं बाकी ठेवलं होतंस? दिव्याचे तास कमी केलेस, गाळलेल्या पाण्यात मीठ मोजून कालवून आणलंस, वाळू चरणाऱ्या गोगलगायी सोडल्यास. दोन दिवस बरं दिसायचं, तिसऱ्या दिवशी वाळूवर पुन्हा तांबडी साय. डॉक्टरीणबाई मला ऐकवायच्या, शिपाईबुवा, तुमच्या भावाला टाकी राखता येते की नुसती बादली मिरवता येते? तू हसून म्हणायचास, दादा, शेवाळ उपाशी ठेवलं की मरतं, याला कुणीतरी जेवू घालतंय.

आईने आपल्याला एक शिकवलं होतं, मुक्या जिवाला घास घातल्याशिवाय आपल्या तोंडात घास घालू नये. तू ते विसरलास, मी धरून बसलो. दुपारी एक वाजता डबा उघडायच्या आधी मी त्या माशांना डाव्या कोपऱ्यातून चिमूटभर दाणे टाकायचो. दिवसातून एकदाच, तेही मोजून, उरलेलं कुजून शेवाळाच्या पोटात जातं, असं तू बजावलं होतंस. पण तो नारिंगी पट्ट्यांचा मासा, आपण ज्याला मामा म्हणायचो, काचेला तोंड लावून बघायचा आणि माझी चिमूट मोठी व्हायची. तुझ्या डबीतले दाणे कमी झालेले तुला कळतील म्हणून मी वेगळी डबी आणली आणि टेबलाच्या खणात लपवली. पुण्य करणाऱ्याला डबी लपवावी लागत नाही, एवढं तरी मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाईंनी तुला शेवटचं बोलावलं तो दिवस आठवतो ना? तू म्हणालास, बाई, कुणीतरी जास्त खाऊ घालतंय. त्यांनी मला विचारलं. मी टाकीच्या डाव्या कोपऱ्याजवळ उभा होतो. मी म्हणालो, छे, कुणी हात लावत नाही. रोज देवापुढे डोळे मिटणारा माणूस मी, पण ते वाक्य पापणीही न लवता बोललो. त्या वेळी दुपारचा एक वाजत आला होता. मामा आणि त्याच्यामागून सगळे मासे टाकीभरातून पोहत आले आणि माझ्या कोपऱ्यात काचेला चिकटून उभे राहिले. बाई कागदात बघत होत्या. तू माशांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. आणि बादली उचललीस.

म्हणजे तुला ठाऊक होतं. तुझं नाव खराब झालं, तू राखायचास ती बँकेतली टाकीही हातची गेली, तरी तू घरी येतोस, वहिनीच्या हातचा चहा पितोस, मला नेहमीसारखं दादा म्हणतोस. तू एकदा चारचौघांत शिव्या घातल्या असत्यास तर मला झोप लागली असती.

तू गेल्यावर टाकी माझ्याकडे आली. मी दुपारचे चोरटे दाणे बंद केले, तुझ्याच मापाने एकदा घालू लागलो. सव्वा महिन्यात वाळू निवळली. काल बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, भावापेक्षा तुम्हालाच हे जास्त जमतं. लोकांनी माना डोलावल्या. मीही हसलो, धाकट्या. घरी येऊन देवापुढे बसलो, तर हात जोडवेनात. म्हणून आज सकाळी ती खणातली डबी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. डबी उघडून बघत त्या म्हणाल्या, भावाला बोलवा, बँकेत मी फोन करते, पण त्याची माफी तुम्हीच मागायची. तोंडाने ती मागायला मला तुझ्यासमोर उभं राहावं लागेल आणि तेवढं धैर्य अजून नाही, म्हणून आधी हे पत्र. सोमवारी ये. शक्यतो एकच्या आधी ये. मासे अजूनही एक वाजता माझ्याच कोपऱ्यात येऊन थांबतात, या वेळी त्यांच्या आधी मला बोलायचंय.

तुझाच,
दादा