भालाईतांचे डोळे

मंगळवार, ६ जानेवारी

वाट लागली! सकाळी खिडकीच्या उजेडात भालाईतांचे डोळे करायला बसलो – सगळे तिरळे. एकाचं बुबुळ तर चक्क गालावर. बोटाच्या दोन पेरांएवढी खेळातली माणसं ती, त्यांचा डोळा म्हणजे मोहरीहून लहान. ब्रश लांब असला की हात ठीक. चेहऱ्याजवळ नेला की अंगठा थरथरलाच! चिडून ब्रश तसाच टाकला आणि ऑफिसला निघालो. पुसलेही नाहीत.

२५ तारखेला बोरीवलीत माझ्या खेळातल्या दोस्ताशी, सम्यकशी, टेबलावरची लढाई. त्याची शकांची फौज कधीच तयार, रोज फोटो पाठवून मला जळवतोय. माझे सातवाहन अर्धे अजून राखाडी प्रायमरमध्ये उभे. पायाखालच्या बेसवर वाळूचा कण नाही. कसं होणार?

बुधवार, ७ जानेवारी

टेबलाकडे फिरकलो नाही. चहाचा कप उचलला तर बशी खडखडली. जानकीने बघितलं.

"हे कधीपासून?"

म्हटलं, थंडी आहे.

"कांदिवलीत?"

दुपारपर्यंत तिने शाळेच्या स्टाफरूममधून फोन करून डॉक्टरची वेळही घेतली. सोमवारी. मेंदूचे डॉक्टर! हात दाखवायला मेंदूचा डॉक्टर कशाला, असं मी विचारलं खरं, पण मला ठाऊक होतं. अण्णांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. शेवटी आई त्यांना चमच्याने भात भरवायची आणि ते भिंतीकडे तोंड करून खायचे. कंपवात हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे. मी चव्वेचाळीसचा आहे. फक्त चव्वेचाळीस.

शुक्रवार, ९ जानेवारी

अजब! आज भालाईत हातात घेतले तर सगळे सरळ समोर बघतायत. गालावरचं बुबुळही जागेवर! वाळल्यावर रंग बसत असणार. मी रागाच्या भरात ओलेच बघितले होते. उगाच घाबरलो!

लगेच आणखी पाच-सहा जणांचे डोळे केले. हात थरथरला, नाही असं नाही. पण आता घाई करायची नाही. वाळू देत.

शनिवार, १० जानेवारी

वाळल्यावर तेही सरळ! झकास!!

एक जण जानकीच्या हातात दिला. म्हटलं, हात बिघडला असता तर हे जमलं असतं का? तिने त्याला उजेडात धरून बराच वेळ बघितलं. "छान आलेत," म्हणाली. मी तिच्यासमोरच फोन करून सोमवारची वेळ रद्द केली. ती काहीतरी बोलणार होती. मग कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खाल्ला. तिरंदाजांची अख्खी रांग डोळस झाली. हल्ली माझ्या हातून डोळे जरा लांबट येतात, शांत येतात. आवडतायत मला. ब्रशही किती नीट धुतलेला असतो, टोक सुईसारखं. इतका शहाणा मी कधीपासून झालो!

सोमवार, १९ जानेवारी

ऑफिसात सही जुळत नाही म्हणून परत करायला लावली. परतची तर आणखी वाकडी. पेन खराब होतं. शर्टाचं वरचं बटणही लागत नव्हतं, पण त्या शर्टाची काजंच घट्ट आहेत.

घरात येरझाऱ्या घालतोय. बसवत नाही. हत्तीवरचा सेनापती तेवढा बाकी आहे, त्याला हात लावायचं धाडस होत नाही. का होत नाही? बाकी सगळे जमलेच की!

बेससाठी शेजारच्या इमारतीचं बांधकाम चाललंय तिथून वाळू आणली आणि चहाच्या गाळणीने चाळली. जानकी म्हणाली, "आता ती गाळणी तुझ्या फौजेलाच ठेव." वाळू डब्यात भरून ठेवली. बस, तेवढंच. पुढे हात चालेना.

रविवार, २५ जानेवारी

बेस न करताच फौज नेली. सम्यकच्या सोसायटीच्या हॉलमध्ये टेबल मांडलं. त्याने माझा एक भालाईत उचलला आणि हसतच सुटला.

"दादा, तुझी फौज लढायला निघालीय की आशीर्वाद द्यायला?"

म्हटलं, म्हणजे?

"अरे, हे गणपतीचे डोळे आहेत ना यार! बघ, अर्धे मिटलेले, कडेला एका ओढीत निमुळती रेघ. भारी आहेत, पण माझ्या घोडेस्वारांना प्रसाद वाटतील हे!"

मी बघितलं. दुसरा उचलला, तिसरा उचलला. जानकीचं माहेर पेणचं. सासऱ्यांचा गणपतीचा कारखाना. मूर्तीचं सगळं रंगकाम झाल्यावर शेवटी डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात, आणि लग्नाआधी कारखान्यातली आखणी जानकी करायची. मला हे लग्नाच्या आधीपासून माहीत आहे!

खेळ अर्धा टाकून रिक्षाने घरी आलो.

"तू केलेस?"

"हो."

"सगळे?"

"सगळे. शाळेतून आल्यावर टेबल पुसत होते, तो गालावर डोळा असलेला दिसला. बघवेना मला. तू ऑफिसात असायचास तेव्हा करायचे."

"आणि मी डॉक्टर रद्द केला तेव्हा?"

"तेव्हा सांगायलाच हवं होतं रे. जीभ उचलली नाही. किती दिवसांनी हसला होतास तू."

मी खूप ओरडलो. नको ते बोललो – माझी कीव करतेस, लहान पोरासारखं वागवतेस मला. ती रडली. मग मीही रडलो. तिचे हात धरले होते. तिचे स्थिर होते.

तिच्यावर कसला राग काढतोय मी? वीस वर्षं रंगवतोय. वाळल्यावर रंग जागचा हलत नाही, हे मला ठाऊक नव्हतं होय? मला भीती वाटतेय. भयंकर भीती वाटतेय.

शुक्रवार, ३० जानेवारी

जानकीला बाहेरच बसवलं होतं. डॉक्टरांनी कागदावर गोल गोल रेघ काढायला दिली, आतून बाहेर. काढली. ते कागदाकडे बघत राहिले. हात वाकवून बघितला, चालायला लावलं. मग म्हणाले, "बरोबर कोण आलंय? त्यांनाही आत बोलवा."

घरी येऊन दोघं टेबलाशी बसलो. सेनापतीचे डोळे जानकीकडे. माझ्याकडे बेस. फेविकॉल लावून वाळू टाकायची – हात हलला तरी चालतो. उलट वाळू सगळीकडे एकसारखी पडते.