दिलीपचा टॉवेल

१० सप्टेंबर २००३, अंबड

दिलीपच्या इंटरनेट कॅफेत चित्रकलेच्या तासासाठी जुने ग्रीक पुतळे बघत होतो. नागडेच ते, दगडाला काय मी चड्डी घालू? त्यानं खांद्यावरचा घामट टॉवेल मॉनिटरवर टाकला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "मास्तर, या वयात घाण बघून राह्यले?" माझेच विद्यार्थी फिदीफिदी हसले. त्या टॉवेलचा वास अजून नाकातून जात न्हाई.

मंग संध्याकाळी तोच बेशरम दिलीप कोरी पाटी घेऊन माझ्या घरी आला. "सर, कॅफेसाठी रंगवून द्या. एक बाई काढा, कपडे कमीच ठेवा, गिऱ्हाईक येतं."

रंगवली. बाई न्हाई, दिलीपच काढला, हुबेहूब, पार नागडा. टॉवेल तेवढा खांद्यावर ठेवला.

उद्या बाजार. पहाटे त्याच्या दारावर मीच टांगतो. ऑइल पेंट आहे, वाळला की पुसून जात न्हाई.