एक काना

मंगळवार, कुंभारवाडा. दिवे लागल्यावर.

सकाळी मीच आईला बजावले होते, विम्याचा एजंट घरात असेपर्यंत खोकू नकोस. त्यामुळे ती आत चुलीपुढे पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती.

एजंट रामनगरहून मोटारसायकलने आले. स्वस्तातला विमा शोधून देतात, म्हणून मीच बोलावले होते. आईचा आणि माझा मिळून एकच काढायचा होता. त्यांनी विचारले, "म्हातारी कशी हाय?" माझ्या तोंडून निघाले, "दम हाय." आमच्याकडे दम्याला दमच म्हणतात. ते हसले. "दम हाय? मग झ्याक. निरोगी लिवतो."

तिथे गप्प बसायचे होते. पण चुकीचा शब्द मला सोसत नाही. "दम न्हवं, दमा," मी म्हणालो. का म्हणालो? पुढे दवाखान्यात खोटे उघडे पडेल ही भीती, की नुसता तो काना?

"मग तिला घेणारी कंपनी तुला झेपायची न्हाई, तम्मा. तुझा एकट्याचा काढ. तरण्याचा स्वस्त पडतो." त्यांनी कागदावरचे आईचे नाव खोडले. मी सही केली. वळणदार.

मग ते सावकाश चहा प्यायले. आत पदराचा बोळा तसाच. आता खोक, असे तिला सांगता आले असते. नाही सांगितले.

मोटारसायकलचा आवाज उतारावर गेला तेव्हा ती बाहेर आली. डोळे लाल. "झाला माझा इमा?"

"झाला."

मग ती खोकायला बसली. अजून खोकते आहे.